रियाचा डावा डोळा

कुडाळ,
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

प्रिय प्रिन्सी,

तू खुशाल असशील, असं लिहायची हाताला सवय आहे. पण तू इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर तुझ्या रियाच्या खाटेजवळ आणि मी खाली बाकावर, तेव्हा तुझी खुशाली मला ठाऊक आहे. मम्मीने थर्मासमधून पेज पाठवलीय, ती आधी पी. पप्पा सकाळपासून चर्चमध्ये जाऊन बसलेत. एरवी त्यांना रविवारीही ढकलत न्यावं लागतं.

फोन का केला नाही, म्हणशील. दोनदा केला. तुझा आवाज ऐकला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. म्हणून हे पत्र सुगंधा सिस्टरच्या हाती देतेय.

तासाभरापूर्वी डॉक्टरबाईंनी रियाचं औषध बदललं आणि शिरेतून सुरू केलं. डोळ्यातला नमुना गोव्याच्या लॅबला गेलाय, अहवाल शनिवारी येणार, मग आजच ही घाई का, असं तू विचारलं असशील. नवी माहिती मिळाली, एवढंच त्या म्हणाल्या असतील. ती माहिती मी दिली.

बाप्तिस्म्याचा दिवस आठव. मी रियाची मादीन, धर्माची आई. रियाच्या जन्माआधीच माझा ड्रेस शिवून ठेवला होता. आदल्या दिवशी माझ्या ओठाच्या कोपऱ्यात पाण्याचे बारीक फोड आले. गेली दोन वर्षं ताप येऊन गेला की येतात. तुला सांगितलं तर तू ऐन वेळी दुसरी मादीन बघशील, या भीतीने वर जाड लिपस्टिक लावली. फोटोग्राफर म्हणाला, "मादीन, चेडवाचो एक मुको घेवा." मी पोरीचा मुका घेतला, डाव्या डोळ्यावर. तो फोटो मोबाइलवर मोठा करकरून मी कितीदा पाहिलाय त्याला गणती नाही.

मंगळवारी तू रडत फोन केलास. "गो, डॉक्टरबाई माका बाजूक घेवन इचारी होती, बाळंतपणाआधी तुका खंय फोड इले होते काय. सासूमायन आयकलां." घरात आणखी कुणाच्या ओठावर फोड होते का, हेही त्यांनी विचारलं होतं. तू नाही म्हणालीस, कारण तुला माहीतच नव्हतं. इमेल्डाबाई मात्र कॉनरॅडसमोर बोलून गेल्या, "चेडवाक आवशीकडसूनच लागलां." पोरीला आईकडूनच लागलं, म्हणे. आणि कॉनरॅडने, नवरा असून, आपल्या आईला अडवलं नाही.

मला माहीत होतं. मी तुला धीर दिला, फोन ठेवला आणि शाळेत जाऊन मुलांच्या वह्या तपासल्या. बुधवारही तसाच गेला. ते दोन दिवस औषधाचे होते, प्रिन्सी. ते मी घालवले. तुझ्यावर आळ आलेला ऐकूनही घालवले.

आज सावंतवाडीहून पहिली बस पकडली आणि थेट डॉक्टरबाईंसमोर उभी राहिले. त्या ओरडल्या नाहीत. मुका कुठल्या तारखेला घेतला एवढं विचारून केसपेपरवर लिहिलं. म्हणाल्या, अहवालासाठी थांबत नाही, औषध आत्ताच सुरू करते, पाठीतलं पाणीही तपासायला पाठवते. मी विचारलं, डोळा वाचेल ना? "डोळ्याचं नंतर. आधी मेंदूपर्यंत पोचलंय का ते बघू." मला फार भीती वाटतेय. सव्वा महिन्याचं पोर ते.

आणखी एक विचारलं मी त्यांना. अहवालात त्या फोडांच्या विषाणूचं नाव येईल, तो कुणाकडून आला ते येणार नाही. म्हणजे मी गप्प बसले असते तर शनिवारनंतरही सगळ्यांनी तुझ्याकडेच बघितलं असतं, जन्मभर. हे कळल्यावर मी कागद मागून घेतला.

म्हणून हे पत्र फाडू नकोस. कॉनरॅडला वाचायला दे. इमेल्डाबाईंना मोठ्याने वाचून दाखव, त्यांचा चष्मा घरी राहिलाय असं त्या म्हणतील तरीही. माफी आज मागत नाही, आज ती मागायची वेळ नाही. मी बाकावरून हलणार नाही. वर ये म्हणालीस तर मास्क लावून येईन.

कुणाला शंका राहू नये म्हणून पूर्ण नावाने सही करतेय.

प्रिन्सीचा यात काही दोष नाही, हे लिहून देणारी तिची थोरली बहीण,
रोशेल कुस्तोदियो फर्नांडिस