ओल्या शर्टाचं वजन

प्रिय आभा,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून घाबरू नकोस, इथे सगळ्यांची तब्येत ठणठणीत आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या शोभनाताई माहेरी पुण्याला निघाल्यात, त्यांच्याकडे हे देतेय. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू निम्मं वाचून फोन लावला असतास, आणि आमच्या घरात तुझा फोन वाजला की आधी कोण धावतं हे मी तुला सांगायला नको. दोन पानं शांतपणे वाच. मध्येच रडू नकोस. रडायचंच असेल तर शेवटी रड.

अजमानमध्ये सध्या हवा म्हणजे ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखी आहे. बाल्कनीत कपडे दिसले की वॉचमन खालून ओरडतो, त्यामुळे हॉलमध्येच कपडे वाळवायचा स्टँड, आणि सोफ्यावर बसलं की कुणाची ना कुणाची बाही कानाला लागते. ऋजुता नव्या वर्गात रमली. मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते, ती सवय काही सुटत नाही. परवा तिची वेणी घालत होते तर आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, “ममा, व्हाय डोन्ट यू लाफ लाइक मावशी?” मी म्हटलं, मावशीला सकाळी डबे भरायचे नसतात. ती म्हणाली, “दॅट्स नॉट अ रीझन.” आठ वर्षांच्या मुलीला आणखी काय सांगणार?

तुमचा तो नवा हँगर पास झाला, हे तुला दाजींनी सांगितलंच असणार. रास अल खैमाच्या हॉटेलवाल्यांनी स्टाफच्या युनिफॉर्मसाठी ऑर्डर दिली, आता त्यांना बायकांच्या अबाया आणि पुरुषांचे कंदुरे अशा पायघोळ कपड्यांसाठीही वेगळा हँगर हवाय. तुला ही बातमी माझ्या आधी कळली असेल. आजकाल आमच्या घरातल्या बऱ्याच बातम्या तुला माझ्या आधी कळतात. हे वाक्य मी लिहून खोडणार होते. राहू दे.

तू सुट्टीत आलीस त्या पहिल्या आठवड्यातली ती संध्याकाळ तुला आठवते का? मी सुजीतचे शर्ट इस्त्री करत होते आणि तू टेबलावर पाय घेऊन बसली होतीस. एक शर्ट उचलून तू म्हणालीस, “दाजी, तुमच्या खांद्यांना शिंगं फुटलीयत!” हँगरच्या टोकांनी खांद्यांवर आलेली ती टेंगळं. मग तू म्हणालीस की कंपनीत दिवसभर हँगरचे साचे काढता आणि घरात हे हाल. माणसाचा खांदा काय काठीसारखा असतो का, तो पुढे झुकतो, तळव्यासारखा रुंद असतो, ओला कपडा त्यावर टाकला तर वाळताना तो त्याच आकारात बसेल, इस्त्रीच लागणार नाही. सुजीत ताडकन उठला आणि कागद घेऊन आला. जेवण गार झालं. मी दोनदा हाक मारली. तू कापड कसं पडतं ते हाताने दाखवत होतीस, तो प्लास्टिक किती वाकेल ते सांगत होता, आणि तुम्ही दोघं इतके हसत होतात की ऋजुता अभ्यास सोडून तुमच्यात येऊन बसली.

आभा, मी ओले शर्ट कित्येक वर्षं टॉवेलची गुंडाळी करून त्यावर टाकत आलेय. हँगरवर टॉवेल गुंडाळायचा, वरचं बटण लावायचं, खांदा हाताने नीट बसवायचा. शिंगं येत नाहीत. सुजीतला मी म्हटलं होतं, तुमच्या कंपनीत असा जाड खांद्याचा हँगर का करत नाही? तो मोबाइलमध्ये बघत “हं” म्हणाला होता. त्या दिवशी ज्या शर्टांना शिंगं होती ते घाईत तसेच टाकलेले होते, आणि नेमका त्यातलाच एक तू उचललास. मी सांगितलं तेव्हा “हं”. तू सांगितलंस तेव्हा कागद. मी इस्त्री भिंतीला टेकवून आत गेले. तुम्हाला वाटलं मी पोळ्या करायला गेले.

तुझ्या मनात आता येईल की ताई वेड्यासारखा संशय घेतेय. तसलं काही नाही. देवाशपथ नाही. तुझ्याबद्दल नाही, त्याच्याबद्दल तर मुळीच नाही. तसं असतं तर सोपं होतं, भांडले असते, आईला फोन केला असता, मोकळी झाले असते. पण एक माणूस आपल्याशी वर्षानुवर्षं भाजी, फी आणि व्हिसा रिन्यूअल एवढ्यावरच बोलतो, आणि दुसऱ्या कुणाशी बोलताना त्याचे हात हवेत फिरायला लागतात, हे बघणं काय असतं, ते कुणाला सांगायचं? लहानपणी इचलकरंजीत हेवा तुला वाटायचा, माझ्या मार्कांचा. रिझल्टच्या दिवशी तू माडीवर जाऊन बसायचीस आणि मी तुझ्यासाठी पेढा घेऊन वर यायचे. मला वाटायचं, अशी काय रुसते ही, मार्क तर मार्क. आता कळतंय. पेढा घेऊन येणाऱ्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

तू परत गेलीस. मला वाटलं, खलास, आता हे खूळ संपेल. कुठलं काय! रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. पहिला नमुना हमरियाच्या कारखान्यातून घरी आला तेव्हा ऋजुतासुद्धा नाचली. रुंद खांदे, आत स्प्रिंग, म्हणजे शर्ट टाकला की दोन्ही पंख बाहेर ताणून धरणार आणि सुरकुती राहणार नाही. सकाळी शर्ट वाळला, सुरकुती खरंच नव्हती, पण बाहीच्या शिवणीवर एक ओढल्याची रेघ आली होती, आणि ती इस्त्रीनेसुद्धा जाईना. दुसरा शर्ट, तिसरा शर्ट, तेच. स्प्रिंग मऊ केली तर सुरकुत्या, कडक केली तर रेघ. सुजीतचं तोंड उतरलं. कारखान्याचे मॅनेजर अबरारभाई म्हणाले, “सुजीतसाब, इस्त्री ही सस्ती पड़ेगी.” आणि मला बरं वाटलं. नवरा हताश होऊन बसलेला, आणि मी चहा करताना गुणगुणत होते.

पण गणित शिकवलेलं डोकं गप्प बसत नाही. मी कपडे टाकतच होते, त्याच नमुन्यावर टाकत होते. एक दिवस मशीनमधून शर्ट काढला तो हाताला दगडासारखा लागला, आणि दुपारी हँगरवरून काढला तर पिसासारखा. वाळताना कापड हलकं होतं, थोडं आवळतंसुद्धा, आणि आपली स्प्रिंग मात्र तेवढ्याच जोराने ओढत राहते. मग स्प्रिंग हवीच कशाला? ओला शर्ट जड असतो. त्याच्याच वजनाने पंख उघडू देत. वाळत जाईल तसा तो हलका होईल आणि पंख आपोआप सैल होतील. ज्या वेळी जेवढी ओढ हवी तेवढीच. मी सुजीतला हे सांगितलं. दोन पट्ट्या आणि ऋजुताच्या कंपासपेटीतली पिन घेऊन करून दाखवलं. तो बघत राहिला. त्याचे डोळे मोठे झाले. मी मनात म्हटलं, आता उठेल, आता कागद आणेल.

तो म्हणाला, “थांब, आभाला विचारतो.”

तू स्क्रीनवर आलीस, केस बांधत होतीस. त्याने सांगितलं, तू ओरडलीस, “दाजी, बरोबर आहे! हेच आहे! ताईला कसं सुचलं हे?” तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, मला माहीत आहे. तू खूश झाली होतीस. पण “ताईला कसं सुचलं” हे शब्द अजून माझ्या कानातून जात नाहीत. मी दोन्ही पट्ट्या उचलून पेटीत ठेवल्या आणि भात लावला.

पुढचं तुला माहीत आहे, पण ऑर्डरच्या दिवसाचं तू फक्त लॅपटॉपमधून बघितलंस. हॉटेलच्या लोकांसमोर नमुने दाखवायचे होते आणि घरच्यांनाही बोलावलं होतं. मी शेवटच्या ओळीत बसले होते, राखाडी सिल्कची साडी नेसून. अबरारभाईंनी स्वतःचा शर्ट दाखवला, सकाळी हँगरवरून काढून तसाच घातलेला. हॉटेलचे यहया म्हणून होते, त्यांनी खांद्यावर बोट फिरवून विचारलं, “नो आयर्न?” अबरारभाई छाती फुगवून म्हणाले, “नो आयर्न, इन्शाल्ला!” सगळे हसले. मग सुजीत उठला आणि स्क्रीनकडे हात करून म्हणाला की हे डिझाइन आभाचं आहे, ओल्या कपड्याच्या वजनावर चालणारा हा पहिलाच हँगर आम्ही दोघांनी मिळून केला. टाळ्या पडल्या. तू स्क्रीनमधून हात जोडलेस. मीही टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच जोरात वाजवल्या असतील, शेजारच्या बाईंनी वळून बघितलं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी विचारलं, “माझं नाव का नाही घेतलंस?”

“कशात?”

“वजनाचं मी सांगितलं होतं, सुजीत.”

“हो, ते आहेच,” तो म्हणाला, “पण आभा प्रोफेशनल डिझायनर आहे, क्लायंटसमोर तिचं नाव बरं दिसतं. तुला कशाला हवंय ते सगळं?”

मी म्हटलं, “मला टाळ्या नकोत. मी सांगितलेलं बरोबर आहे की नाही, हे तुला आभाला विचारून का कळतं, तेवढं सांग.”

सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, तरी त्याने गाडी हलवली नाही. मग पुढे नेऊन कडेला घेतली. म्हणाला, “तुझ्यासमोर बोलताना मला पेपर तपासायला दिल्यासारखं वाटतं, समिधा. आभासमोर चुकलं तर ती हसते, मी पण हसतो. तुझ्यासमोर काही चुकलं की मला तेच वर्ष आठवतं, माझी नोकरी गेली होती आणि तू ट्यूशन घेऊन घर चालवत होतीस. तू तेव्हा एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती बघायचीस.”

त्या वर्षी मी न बोलून त्याला सांभाळतेय असं मला वाटत होतं. सकाळी शाळेत, दुपारी दुसऱ्यांच्या घरी, संध्याकाळी स्वयंपाक, आणि त्याला एका शब्दाने दुखवायचं नाही एवढा एकच नेम. तोच त्याला खुपला. आणि गंमत बघ आभा, हे ऐकूनसुद्धा मला राग त्याचा आला नाही, तुझाच आला. कारण ते वर्ष तू बघितलं नाहीस. तू आलीस तेव्हा त्याच्याकडे नोकरी होती, गाडी होती, विनोद होते. तुझ्यासमोर तो कोरा. त्याचे वाईट दिवस मी काढायचे आणि हसू तुझ्या वाट्याला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी होते, तर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हातात मोबाइल नव्हता. म्हणाला, “अबायाचं कापड खाली लांब लोंबतं. ओलं असताना सगळं वजन खालीच ओढेल. मग काय करायचं?” मी पटकन म्हटलं, खाली काठाला आडवी पट्टी लाव. तो विचार करून म्हणाला, “मग ती आणखी जड होईल की!” आणि हसला. मीच वजनाचं शास्त्र सांगणारी, आणि उत्तर इतकं ढोबळ चुकलं. मीही हसले. शपथेवर सांगते, दूध उतू गेलं तरी आम्ही हसत होतो. ऋजुता धावत आली, “व्हॉट हॅपन्ड? व्हॉट हॅपन्ड?” तिला वाटलं काहीतरी फुटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो काही ना काही विचारतो. कधी माझं बरोबर येतं, कधी नाही. मी चुकायला शिकतेय, या वयात.

आता का लिहितेय ते सांगते. अबायाच्या कामासाठी कंपनी तुला इथे नोकरी देतेय, आणि सुजीतने मला सांगितलंय की तूच आभाला कळव, ती आपल्याकडेच राहील, ऋजुताच्या खोलीत सोय होईल. मी कळवतेय. ये. काम तुझं आहे, तुझ्याइतकं चांगलं ते कुणी करणार नाही, आणि माझ्या हेव्यापायी तुझी संधी गेली तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. पण आमच्या घरी राहू नकोस. आमच्यात जे सुरू झालंय ते अजून फार कोवळं आहे, आणि जेवणाच्या टेबलावर तू समोर बसलीस की तो परत तुझ्याकडे वळून बोलेल, मी परत पोळ्या करायला आत जाईन, आणि या वेळी मी तुला माफ करणार नाही. मला बहीण घालवायची नाही. शारजात मरियमबी म्हणून माझ्या शाळेतल्या बाई आहेत, त्यांच्याकडे एक खोली आहे. मी स्वतः जाऊन बघून आले. ऊन चांगलं येतं, पलंग मजबूत आहे, बाई जरा बडबड्या आहेत पण मासे झकास करतात. शुक्रवारी मी तुला घ्यायला येईन, आपण दोघीच कुठेतरी जाऊ. तुला हे कठोर वाटलं तर तसं स्पष्ट लिही, मी वाचेन. मात्र हो म्हण की नाही म्हण, फोन मला कर. सुजीतला नको.

तुझ्यावर चिडलेली आणि तरीही तुझीच,
ताई