पॅडले खळ

७ एप्रिल
मशीन आलं. बिस्किटाच्या पुड्याएवढं, वायरी, वायरींच्या टोकाले चिकट पॅड. फिजिओवाल्या पोरीनं मांड्यांवर लावून दाखवलं. बटण दाबलं तसा मांडीचा गोळा आपोआप आवळला, सुटला, पुन्हा आवळला. मी काही न करता! पोरगी म्हणे, "काका, हार्ट कमजोर, चालणं होत नाही, म्हणून पाय वाळले. हे पायांचा व्यायाम करून घेते, दम न लागता." पेसमेकर नाही ना, दोनदा विचारलं. रोज करायचं. हळूहळू खुर्चीवरून आपल्या आपण उठाल म्हणे.
खुर्ची जाऊ दे. मले कमोडवरून उठायचं आहे. पोरगा संजू सकाळीच बुटीबोरीले कंपनीत जाते. संजूची माय वारली तेव्हापासून दिवसभर घरात मी अन् सून. वंदनाच बगलेत हात घालून उठवते. ती दाराकडे पाहते, मी नळाकडे. मेल्याहून मेल्यासारखं होते.

८ एप्रिल
वंदना मशीन घेऊन आली, डोक्यावर पदर. "मामाजी, लावून देऊ?" आमच्यात सून सासऱ्यासमोर खाटेवर बसत नाही, अन् ही मांडीले हात लावीन? म्हटलं, ठेव तिथं, मी लावतो, दार लोटून घे. संजू म्हणे रात्री मी लावतो. थकून येते बिचारा. त्यालेही म्हटलं, मले जमते.
जमते कसचं! वाकलं की दम. मशीनचा नंबर वाढवला तर खाट करकर वाजाय लागली. कूलर अजून लावला नाही, नाहीतर आवाज दबला असता. बाहेर ऐकू जाईन म्हणून शून्यावर आणलं. मशीनचा लाइट तेवढा लुकलुकत होता, पाहणाऱ्याले वाटे चालू आहे.

१२ एप्रिल
रोज तेच. दार लोटतो, चादर घेतो, छताकडे पाहतो. "झालं का मामाजी?" "झालं." या वयात शाळेतल्या पोरासारखा चोऱ्या करून राहिलो.

१६ एप्रिल
काल वंदनाची चाहूल लागली तसे घाईत पॅड ओढले. खाटेखाली पडले, चिकट बाजू खाली. सगळी धूळ. आज ठरवलं होतं खरंच करायचं, तर चिकटेनात. नवे मागावे तर काय सांगू? उभा जन्म हातमागावर गेला. धाग्याले खळ द्यायचो, तेच सुचलं. भाताची पेज बोटावर घेऊन चोपडली. मस्त बसले! नंबर वाढवला. पेज वाळली तसं एका जागी करंट असा चावला की ओरडलोच. वंदना दाराबाहेरून, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, मुंगी.
मांडीवर लाल चट्टा. पुन्हा शून्य.

२६ एप्रिल
फिजिओवाली आली. खुर्चीवरून उठा म्हणे. नाही उठलो. तिले नवल वाटलं.
जेवताना संजू बायकोवर, "तुयं लक्ष राहत नाही का वं? एवढं एक काम होत नाही?" ती पोळी वाढत राहिली. मी समोरच होतो. वरणभात गिळला. भेकड आहो मी, दुसरं काय.

३ मे
उठवता उठवता वंदनाची कंबर गेली. भिंत धरून खालीच बसली, मी अर्धा लोंबकळत. शेजारची बाई धावून आली. अंगावर धड कपडा नव्हता, तरी लाज वाटली ती वंदनाच्या कण्हण्याची. माझ्यामुळे. निव्वळ माझ्यामुळे.

४ मे
फिजिओवाली फोनवर म्हणे, याच मशीननं कंबरेलेही आराम पडीन. वंदनानं मशीनची डबी उघडली, तर पॅडवर मुंग्याच मुंग्या.
"मामाजी, हे काय हो? भात?"
सगळं सांगून टाकलं. शून्याचंही.
पहिले हसली. "पॅडले खळ!" मग हसू गेलं. "म्हणजे मी रोज तुम्हाले उचलून राहिली ते..." भिंत धरत आत गेली.

५ मे
जेवताना तिच्यासमोर संजूले म्हटलं, तिची काही चूक नाही गा, मीच मशीन शून्यावर ठेवत होतो.
"काहून बाबा? कशासाठी?"
मी पाण्याचा गडवा त्याच्याकडे सरकवला. तो मान खाली घालून जेवला. बायकोची माफी नाही मागितली त्यानं. मी तरी कुठं मागितली.

८ मे
नवे पॅड आले. वंदना दारात उभी, कंबरेले पट्टा, डोक्यावर पदर. मीच म्हटलं, ये वं बाई, लाव.
लावले. भिंतीकडे नाही, नीट पाहून लावले. चट्टा दिसला, तो सोडून लावले. नंबर वाढवला. मांडी उडाली, खाट करकरली. करकरू दे.
नंतर खुर्चीत बसून उठून पाहिलं. हातमागाची पावडी दाबायचो तसे पाय रोवले. अर्धा उठलो, तिथंच अडकलो. तिनं हात पुढे केला. तिचा दुसरा हात आपल्याच दुखऱ्या कंबरेवर.
मी तिचा हात नाही धरला. परत बसलो.
माफी आजही राहिली.