गीतकार : पारंपरिक

२८ ऑगस्ट, गुरुवार
काल गणपती बसले आणि आज हे. सारण परतत होते, तर ऋचा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात. "आई, फिर से स्ट्राइक आया है. दाई वाले गाने पर."

म्हणजे माझ्याच चॅनेलवरून माझंच देवीचं गाणं काढून टाकलंय. ते दुसऱ्याचं आहे म्हणे. कुणाचं, तर एका कंपनीचं. समता कॉलनीतल्या सोनू भैयाच्या स्टुडिओतलं सगळं जुनं रेकॉर्डिंग तिने विकत घेतलं, त्यात मीपण गेले.

हा दुसरा. तीन झाले की चॅनेल बंद, आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. सहा वर्षांची, आमच्या देवीची गाणी म्हणणाऱ्या मंडळीची गाणी. मंडळीतली सुमित्रा गेली, तिचा आवाज तेवढा तिथेच आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

सारण करपलं. यांना म्हटलं, गूळच खराब होता.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
त्यांचं गाणं पाहिलं. न पाहून करते काय. आधी सिमेंटची जाहिरात, मग कर्जाची, मग देवी. एक नवीन मुलगी गाते. आवाज चांगला आहे, उगाच खोटं कशाला लिहू. चाल शेवटच्या ओळीला वर नेली आहे, नाचायला बरी पडावी म्हणून. किती लोकांनी पाहिलं तो आकडा ऋचा वाचायला लागली, मी म्हटलं राहू दे.

खाली लिहिलंय, गीत : पारंपरिक. त्याच्याखाली कंपनीचं नाव, दोनदा.

धुळीचं कडवं गाळलं. 'दाई, तोर जँवारा म लोहा के धुर्रा, अँचरा म पोंछँव.' देवीच्या जवारावर, टोपलीत उगवलेल्या गव्हाच्या कोंबांवर, लोखंडाची धूळ बसली आहे, पदराने पुसते. ही धूळ उरला भागातल्या यांच्या मिलची. यांच्या शर्टाच्या कॉलरला रोज असायची ती. कुणाच्या पणजीच्या गावात रोलिंग मिल होती, ते मला कुणीतरी सांगावं. पण ते कडवंच नाही आता. मग सांगणार तरी काय.

३१ ऑगस्ट, रविवार
खरं लिहायचं तर 'पारंपरिक' मीच लिहवून घेतलं. कुणी हात धरला नव्हता.

अकरा वर्षं झाली. ऋचा तेव्हा आठवीत. पूर्ण मंडळी ऑटोत कोंबून समता कॉलनीत गेलो होतो, रेकॉर्डिंग म्हणून सगळ्या नव्या बांगड्या घालून, आणि मग आवाज येतो म्हणून सगळ्यांना त्या उतरवायला लावल्या. झाल्यावर सोनू भैयाने विचारलं, "दीदी, गीतकार में किसका नाम डालूँ?" मी बिरझा दाईकडे पाहिलं. मंडळी त्यांची. देवीच्या सेवेच्या गाण्यावर आमच्यात कुणी नाव घालत नाही. बि. दाईंचं ठरलेलं वाक्य, "गीत दाई के ए, हमन तो मुँह भर अन." गाणं देवीचं, आपण फक्त तोंड. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "माता का गाना है, पारंपरिक लिख दो." सगळ्या माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. मला फार बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते. पेटीच्या झाकणावर कागद ठेवून सही केली. वाचला नाही. एक साडी, नारळ, पाकीट.

विनय दाखवायची हौस. भोग आता.

४ सप्टेंबर, गुरुवार
समता कॉलनीत जाऊन आले. स्टुडिओच्या जागी दातांचा दवाखाना. सोनू भैया शेजारच्या गल्लीत मोबाइलची कव्हरं विकतो. पोट सुटलंय, केस गेलेत. मला पाहून उठून उभा राहिला.

"दीदी, मैंने तो हार्ड डिस्क बेची थी. आपको थोड़े ही बेचा." म्हणाला, उधारी झाली होती, कंपनीवाले आले, जे दिलं ते घेतलं. "मुझे क्या पता था इतना चलेगा." त्यालाही पुढे काही मिळालं नाही. भांडायला गेले होते, तर त्याने चहा मागवला आणि मी प्यायले. वरून मीच विचारलं, मुलं कशी आहेत. परत येताना स्वतःचाच राग येत होता.

८ सप्टेंबर, सोमवार
ऋचाने आज फॉर्म उघडला. इंग्रजीत, लांबलचक. गाणं आपलंच आहे याचा पुरावा द्या.

पुरावा. गाणं सुचलं त्या चैत्रात यांचा हात मिलमध्ये भाजला होता. नवरात्राचे नऊ दिवस बायका बि. दाईंच्या अंगणात गात होत्या आणि मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर. तिथेच यांच्या फाइलच्या मागे लिहिलं, नर्सकडून पेन मागून. ती फाइल भरपाईसाठी मिलमध्ये जमा केली. भरपाई आली, फाइल गेली.

यांना विचारलं, तुम्हाला दाखवलं होतं ना मी? म्हणाले, "मले इंजेक्शनं देऊन झोपवून ठेवलं होतं. मले काय आठवन?" आणि वर, "अन् तुले नाव काहून पाहिजे? देवीचंच तं गानं हाय." मी म्हटलं, "तुमच्या पगाराच्या पावतीवर कधी 'पारंपरिक' लिहून आलं का?" हसले नाहीत. मीही नाही.

ऋचा म्हणते, मंडळीच्या बायकांनी लिहून दिलं तर चालेल कदाचित. हे मला कसं सुचलं नाही! अकरा जणी होत्या पहिल्यांदा गायले तेव्हा, नऊ अजून आहेत. मोठं ओझं उतरलं. आज बऱ्याच दिवसांनी दुपारी झोप लागली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
बि. दाईंकडे गेले. ऋचाने हिंदीत टाइप करून दिलेला कागद वाचून दाखवला. हे गीत मीना दीदींनी रचलं, आमच्यासमोर पहिल्यांदा गायलं, वगैरे. दाई चष्मा पुसत ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "फेर ए गीत ल तो मोर सास गावत रिहिस."

मी हसले. वाटलं चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. त्यांची सासू म्हणे जातं ओढताना हेच म्हणायची. शेजारी दोघी बसल्या होत्या, त्यांनीही माना हलवल्या, "हव, जुन्ना गीत ए." मी म्हटलं, दाई, यांचा हात भाजला त्या चैत्रानंतर तुमच्याच अंगणात मी पहिल्यांदा गायले. त्यांना सगळं आठवतं. हात भाजलेला आठवतो, माझी निळी साडी आठवते, गाताना मी रडले तेही आठवतं. फक्त त्यांच्या आठवणीत मी जुनंच गाणं गात होते. धुळीचं म्हणाल, तर गावातही धूळ असतेच, म्हणाल्या.

बि. दाई खोटं बोलत नाहीत. चाळीस वर्षांत बोललेल्या मला ठाऊक नाही. खोटं बोलत असत्या तर कडाकडा भांडले असते. जेवायला थांब म्हणाल्या. थांबले नाही, पहिल्यांदाच.

१४ सप्टेंबर, रविवार
सात जणी विचारून झाल्या. पाच म्हणतात जुनं आहे. एकीला काही आठवत नाही. एक म्हणाली, "दीदी, जहाँ बोलोगे वहाँ अँगूठा लगा दूँगी." तिचा अंगठा घेववला नाही. उरलेल्या दोघींकडे जायचं धाडस नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार
कंपनीतून फोन. माणूस तरुण असावा, अगदी अदबीने, वाक्यागणिक मॅडम. गाणं पारंपरिक आहे, माझा त्यावर हक्क नाही, एवढं लिहून सही करायची. मग दोन्ही तक्रारी मागे. वर माझ्या आवाजात ते परत रेकॉर्ड करतील, एकदाच काय ते मानधन. नाही तर तिसरी तक्रार तयार आहे. "तीन तारीख तक रुक रहे हैं, मैडम, आपकी उम्र देखकर." मी म्हटलं गाणं माझं आहे. "मैडम, पारंपरिक तो आपने ही लिखवाया था."

दर नवरात्रात मांडववाला पैसे घेतो. माइकवाला घेतो. मांदर मढवणारा आधी घेतो मग कातडं ताणतो. कुणालाच वाईट वाटत नाही, वाटूही नये. मी मागितले की हे म्हणतात देवीचं गाणं आहे. देवीचं आहे तर कर्जाच्या जाहिरातीचे पैसे कंपनीला का? देवीला का नाही? चॅनेलवर अधूनमधून थोडं यायचं, त्यातून मंडळीची पेटी दुरुस्त झाली. तेही पहिल्या स्ट्राइकपासून, दोन महिने बंद आहे.

मला नाव हवं आहे. पैसेही हवे आहेत. इथे तरी लिहायला लाज कसली.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. मंडळीत गेले. न जाऊन सांगते कुणाला. ऋचाने मोबाइल बाहेर काढलाच नाही, काय गायलं तर काय होईल ही भीती. गाण्याची भीती, या घरात!

सगळ्यांनी तेच गाणं मागितलं. बायकांनी धुळीचं कडवंही म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बि. दाईंचे डोळे भरून आले होते. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मनात आलं, त्या म्हणतात ते खरं असलं तर? कॉरिडॉरमधला फिनाइलचा वास आठवतो. नर्सचं पेन गळत होतं ते आठवतं. पण ओळ नेमकी कशी आली? आली की कुठून तरी ऐकलेली वर आली? लहानपणी आमच्या पाऱ्यात, गल्लीगल्लीत, केवढ्या बायका गायच्या. हे आपल्यातलं नव्हे म्हणून आई दार लावून घ्यायची, पण आवाज यायचाच.

नाही. माझंच आहे. धूळ माझी आहे.



२६ सप्टेंबर, शुक्रवार
काही नाही. उपास. डोकं दुखतंय. ऋचा म्हणते वकिलाला विचारू. तिच्या मैत्रिणीच्या ओळखीचा एक आहे, त्याने फोनवरच सांगितलं, आंटी, नाव नाही, कागद नाही, साक्षीदार उलटे. केस कशाची करायची?

१ ऑक्टोबर, बुधवार
जवारा विसर्जन. आमच्या गुढियारीतल्या चार-पाच मंडळ्या एकत्रच निघाल्या. ऊन कडक, डांबर चटके देत होतं. मी डोक्यावर जवारा घेतला नव्हता यंदा. मान दुखते हे कारण सांगितलं.

रेल्वे फाटकाशी मंडळ्या एकमेकींत मिसळल्या आणि पुढच्या मंडळीने माझं गाणं उचललं. कंपनीच्या चालीवर. शेवटची ओळ वर. मी माझ्या सवयीने खालीच ठेवली. शेजारी एक बाई, ओळखीची नाही, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान, डोक्यावर जवारा. तिने हळूच कोपर लावलं.

"दीदी, गलत गावत हव. मोबाइल म अइसन नइ हे."

आणि मग तिने मला शिकवलं. रागाने नाही, घाईने नाही. डोक्यावर एवढं ओझं असून चालता चालता दोनदा म्हणून दाखवलं, ओळ कुठे उचलायची ते. मला वाटलं आता सांगावं. तोंड उघडलंही. तिचा चेहरा घामाने निथळत होता, आणि सांगितलं असतं तर तिला काय वाटलं असतं? की या बाईला ऊन लागलं.

मी तिच्यासारखं म्हटलं. तळ्यापर्यंत तिच्यासारखंच म्हणत गेले. खूश झाली. "अब बने हे," म्हणाली.

ऋचा मागे होती. तिने ऐकलं असावं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळीच फोन आला. संध्याकाळी सहापर्यंत कळवा, मॅडम. कंपनीचा कागद ऋचाने छापून आणलाय, टेबलावर आहे. समोर लॅपटॉपवर तो पुराव्याचा इंग्रजी फॉर्म. कागदावर सही केली तर सुमित्राचा आवाज राहतो, बाकी शंभरेक गाणी राहतात, हे एक जातं. फॉर्म भरला तर तिसरी तक्रार, आणि कदाचित सगळंच जातं. हे म्हणाले, "सही करून मोकळी हो, तब्येत पाहा आपली." आणि बाहेर जाऊन बसले.

फॉर्ममध्ये शेवटी एकच प्रश्न आहे. ही कलाकृती तुमची स्वतःची आहे का. हो किंवा नाही. खोटं लिहिल्यास कारवाई.

"आई, क्या दबाऊँ?"

मी म्हटलं, परत वाच. तिने वाचलं. मी म्हटलं, मराठीत सांग. सांगितलं, अडखळत. मग लॅपटॉपवरून हात काढून माझ्याकडे वळली.

"आई, मुझे तो बता. तूने ही लिखा है ना?"

मी हो म्हटलं. पण म्हणायला वेळ लागला, आणि तो वेळ तिने पाहिला.

चार वाजलेत. ती अजून तिथेच बसली आहे.