शिशाची गोडी

२ जून
गुम्मिडिपूंडीला पोचलो! चेन्नई मागे टाकून उत्तरेकडे येताना चित्राने कराडहून आणलेलं पोळपाट मांडीवरून खाली ठेवलं नाही. क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण मागे अंगण आणि कढीपत्त्याचं झाड आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवतात, त्या भट्टीवर मी इंजिनिअर. पहिलीच मोठी नोकरी. शेजारी आमचे फोरमन सेतुमाधवराव आणि अन्नपूर्णाबाई राहतात, तंजावरकडचे मराठी. त्यांचं बोलणं एखाद्या बखरीतल्यासारखं, वर तमिळ हेल. चित्रा घरी येऊन मनसोक्त हसली. बाईंनी मूलबाळ विचारलं. अजून नाही म्हटल्यावर सेतुमाधवराव म्हणाले, घाई करा. आणि अंगणाकडे बघत राहिले.

१९ जुलै
भट्टीजवळ राखाडी धूळ सतत तरंगत असते. मास्क आहेत, पण या उकाड्यात सगळे ते गळ्यात अडकवून फिरतात, मीही. घरी आलो की चित्रा माझा युनिफॉर्म अंगणात झटकते, मग हाताने घासते. पाणी काळं निघतं, त्याची तिला गंमत वाटते. अन्नपूर्णाबाईंकडून ती फिल्टर कॉफी शिकली. गंमत म्हणजे साखर घातली नाही तरी मला ती गोड लागते.

८ डिसेंबर
आज जेवताना भट्टीवरच्या माणसांची मुलाबाळांवरून थट्टा चालली होती. बोलता बोलता लक्षात आलं, ज्यांना मुलं आहेत त्यांची सगळी इथे लागण्याआधीची. नंतरचं एकही नाही. हसणं थांबलं. मग कुणीतरी क्रिकेटचा विषय काढला आणि सगळे त्यावर तुटून पडले. मीसुद्धा.

१७ फेब्रुवारी
मूल राहत नाही म्हणून चेन्नईत मैलापूरला दोघांच्या तपासण्या केल्या होत्या; तिथल्या डॉक्टरबाईंनी आज मला एकट्याला आत बोलावलं. चित्राचं सगळं ठीक आहे म्हणाल्या. मग माझं काम विचारलं, तोंडाला उगाच गोड चव येते का विचारलं, ओठ उचलायला लावला आणि हातात आरसा दिला. हिरडीच्या कडेने निळसर काळी रेघ, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी.

माझ्यात बीजच फार थोडं उरलंय, आहे त्यात जीव नाही. शिशाने होतं. नोकरी सोडा, काही महिन्यांत बहुधा सुधारेल, म्हणाल्या. आणि ते कपडे घरी नेऊ नका. बायकोचंही रक्त तपासून घ्या.

चित्रा बाहेर बाकावर बसली होती. काय म्हणाल्या, तिने विचारलं. मी म्हटलं, ‘तुझंच काहीतरी बघावं लागेल.’ तोंडातून गेलं. कपड्यांचं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

३ मार्च
आईचा फोन. स्पीकर चालू होता. आईने चित्राला जे ऐकवलं ते इथे लिहिणार नाही. मी भाजी चिरत होतो. चिरतच राहिलो.

संध्याकाळी युनिफॉर्म स्वतः धुवायला घेतला. चित्राने ओढून घेतला. ‘दोष माझा आहे ना? मग एवढं तरी करू दे.’

मी सोडून दिला.

११ एप्रिल
सेतुमाधवराव अंथरुणाला खिळलेत. भेटायला गेलो. दोन्ही हात मनगटापासून लोंबतात, चादरीवर ठेवले तरी उचलता येत नाहीत. अन्नपूर्णाबाई दहीभात भरवत होत्या. मला म्हणाल्या, एवढ्या थोर माणसाला मी एक मूल देऊं शकलें नाहीं. त्यांचं तोंड पुसलं आणि पाणी आणायला आत गेल्या.

सेतुमाधवराव माझ्याकडे बघत होते. ओठ वर सरकला. तीच रेघ. मग हळूच म्हणाले, ‘तिला सांगूं नको बा. आतां फार उशीर झाला.’

त्यांना माझंही माहीत आहे. मला एकदम जवळचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. त्याची घाण वाटते आहे.

२९ एप्रिल
अन्नपूर्णाबाई चित्राला देवळात घेऊन गेल्या. तिथल्या झाडाला बायका मुलासाठी लाकडी पाळणे बांधतात. चित्राने बांधला. उपास धरलेत. काल लिहिताना पेन दोनदा माझ्या हातातून पडलं.

राजीनामा लिहिला. दिला नाही. आई कारण विचारेल.

१४ मे
चित्राची पाळी चुकली. पोटात कळा, मळमळ. आनंदाने वेडी झाली आहे. टेस्टमध्ये काही दिसत नाही, पण अन्नपूर्णाबाई म्हणतात, इतक्यांत कुठून दिसेल. आईला फोन गेला. आई रडली, चित्राची माफी मागितली.

माफी—तिची.

१५ मे
सकाळी खिडकीत उभी राहून हसली. तोंड भरून. ऊन होतं.

वरच्या हिरडीला—

बघायला नको होतं. नाही, बघितलं.

१६ मे
कॉफी तिलाही गोड लागते म्हणाली. साखर न घालता. बाळाचे डोहाळे म्हणे.

मी हसलो.

१७ मे
मैलापूरला निघायचंय. स्टेशनवर नेणारी रिक्षा दारात. तिने नवी साडी नेसली आहे, पेढे घेतलेत डॉक्टरबाईंसाठी. तिथे पोचायच्या आत मीच सांगायला हवं. पहिलं वाक्य इथे लिहून घेतो, मग जाऊन तसंच—

चित्रा, डॉक्टर त्या दिवशी म्हणाल्या होत्या की

नको. चित्रा, तुझ्यात काहीच दोष

नव्हता. होता नव्हता. आता

हाक मारते आहे. हसत. चित्रा, ते बाळ नाही, माझ्या कपड्यांतून तुझ्या अंगात जे