वेशीबाहेर

३ नोव्हेंबर १९५८, वेस्ट हॅरो

पोचले एकदाची! ओहायोपासून दोन दिवस बसचा प्रवास, पाय सुजून भोपळे झालेत, पण तक्रार करेन तर शपथ. भाड्याचं घर एवढंसं आहे, तरी शेगडी झकास पेटते.

दुपारी टॅपनबाईंकडे जाऊन आले. इथल्या संस्थापक-कन्या मंडळाच्या त्या सचिव. हे गाव वसवणाऱ्या सात घराण्यांच्या लेकी-नातींनाच मंडळात घेतात. सफरचंदाची पाई खाऊ घालता घालता बाईंनी बजावलं की पिढी न् पिढी कागदाने सिद्ध झाली पाहिजे, ऐकीव गप्पा चालायच्या नाहीत, नाहीतर काय हो, उद्या कुणीही सोम्यागोम्या उठून स्ट्राउड होईल! माझ्या सहा पिढ्या पक्क्या आहेत. सगळ्यात वरचा एलिफलेट स्ट्राउड, गाव वसवणाऱ्या जोसाया स्ट्राउडचा मुलगा. त्याच्या जन्माचा तेवढा कागद राहिला. सव्वीस तारखेला समारंभ.

माझी नणंद लोइस असल्याच एका मंडळाची फीत छातीवर मिरवते. माझ्या लग्नाच्या जेवणात तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं की व्हर्नाचे लोक नक्की कुठले, काही ठावठिकाणा आहे की नाही? सगळे हसले. मीही हसले. चाळीस वर्षं झाली, अजून आग होते.

८ नोव्हेंबर

एलिफलेट सापडला. स्मशानात. दगडावर स्वच्छ कोरलंय, जोसायाचा मुलगा, वय वर्षं चार, मृत्यू १७७२. आता चार वर्षांच्या पोराला वंश कुठून असणार, कपाळ! पण घाबरण्याचं कारण नाही. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची इथे रीतच होती. म्हणजे दुसरा एलिफलेट असणार. सोमवारी गावच्या जुन्या वह्या काढायला सांगितल्यात.

१० नोव्हेंबर

जोसायाला दुसरा मुलगा झालाच नाही.

पण डिसेंबर १७७५ च्या पानावर एक नोंद आहे. मेहिटेबल, आडनाव नाही, लग्न नाही, सोबत महिन्याचं मूल. ‘या गावची नव्हे.’ गावावर भार पडेल अशा माणसाला तेव्हा शिपाई पाठवून चौदा दिवसांत निघून जायला सांगत. खाली सही जोसाया स्ट्राउडची. त्याखाली वेगळ्या शाईत लिहिलंय की बाई वेशीच्या दगडापाशी बर्फात मेलेली सापडली, मूल जिवंत होतं, ते स्ट्राउडने घरकामाला ठेवलं आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने एलिफलेट म्हणू लागला.

तोच माझा. मी स्ट्राउड नाही. मी त्या बाईची.

खोटं कशाला लिहू? त्या सहीची मला लाज वाटली नाही. लाज वाटली तिची. लोइसचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि कानशिलं तापली.

१२ नोव्हेंबर

आज ते पान कापलं. कारकून कॉफीला गेला तेवढ्यात, पर्समधल्या ब्लेडने. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून पोरांच्या हातावर पट्ट्या मारल्या, आणि ही मी! घरी येऊन पान शेगडीत घातलं. अर्जावर मेलेल्या मुलाची जन्मतारीख लिहिली आणि त्याच्या थडग्याबद्दल तोंड मिटून घेतलं.

टॅपनबाईंनी कागद पाहिले, माझी हनुवटी धरून म्हणाल्या की त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, हे नाक स्ट्राउडांचंच! मी मान डोलावली. निर्लज्जपणे.

१४ नोव्हेंबर

सकाळी दहाला दार वाजलं. एक बाई, खांद्यावर शाल, घागऱ्याचा काठ भिजलेला, छातीशी गुंडाळलेलं मूल. म्हणाली, मला नको आत घेऊ, बाळाला तेवढं घटकाभर शेगडीपाशी ठेव. असेल कुणी भिकारीण. मी दार लावून घेतलं.

बाहेर लख्ख ऊन आहे. गावात कुठे बर्फ नाही. माझ्या पायरीवर मात्र वीतभर.

१७ नोव्हेंबर

पुन्हा दहाला. रोज येते. शेजारीण म्हणते तिला कुणीच दिसलं नाही, आणि बाई गं, तू एकटी राहतेस, वेळेवर जेवत जा. आज ती जवळ आली तेव्हा पाहिलं. तेच नाक. माझ्या आईचं. माझं.

ओळखलं मी तिला. तरी दार लावलं.

२१ नोव्हेंबर

सांगून टाकावं का टॅपनबाईंना? दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेले. दोनदा परतले. लोइसला पत्र टाकलंय, समारंभाला ये म्हणून — ती येणार आहे —

बाळ आता रडत नाही.

२६ नोव्हेंबर, दुपार

वही पर्समध्येच होती. पेन्सिलीने लिहितेय.

ती सभागृहात आली. सगळ्यांना दिसली. शालीतून पाणी गळत होतं. टॅपनबाईंनी विचारलं, ही कोण, तुमच्या ओळखीची का? लोइस पहिल्या रांगेत. मी म्हणाले — मी म्हणाले, कधी पाहिली नाही. ही या गावची नाही.

तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि माझ्या खुर्चीवर बसली. टॅपनबाईंनी फीत तिच्या ओल्या शालीला लावली. व्हर्ना म्हणाल्या तिला. टाळ्या. लोइसने तिचा गाल चुंबला —

मग लोइस माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात म्हणाली, की बाई, तुमचे चौदा दिवस भरले.

नंतर

बर्फ पडतोय. सगळ्या गावावर. माझ्या घराला किल्ली लागत नाही. शेजारणीने ओळखलं नाही. कुणीच —

बाळ अजून धुगधुगतंय. ओठ निळे. कोटात घेतलंय. हा गेला तर पुढचं कुणीच नाही. आई नाही. मी नाही.

नंतर

टॅपनबाईंची पायरी. त्यांनी फटीतून सांगितलं की उद्याच्या सणाची पाहुणे मंडळी आहेत, घरात जागा नाही, पुढच्या गावी विचारा. मी म्हणाले मूल तेवढं घ्या. त्यांनी विचारलं, कुणाचं मूल?

आणि मी गप्प. अजूनही! फटीतून लोइस बघत होती, आणि माझी जीभ —

श्वास लागत नाही त्याचा. लागतोय. थोडा —

पुन्हा ठोठावते. आता सांगते. लोइसदेखत ओरडून सांगते. मेहिटेबल आमची, आणि हा माझा —