उशीर तुमचा होता, सर

सर,

‘प्रिय सर’ असं लिहिलं होतं. मग ‘प्रिय’ खोडलं. खोडलेलं दिसतंय, दिसू दे. तुम्हीच शिकवलंत ना, कच्चा खर्डा कधी फाडू नये म्हणून?

गेल्या आठवड्यात कणकवलीत तुमची शोकसभा झाली तेव्हा मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाई गहिवरल्या. कोणीतरी पाण्याचा पेला आणून दिला. सर, मी गहिवरले नव्हते. मला इतका राग आला होता की तिसरं वाक्य बोलले असते तर सभा उधळली असती. जे तेव्हा गिळलं ते आज लिहितेय, कारण तुमचा कवितासंग्रह सोमवारी छपाईला जाणार आहे आणि त्याची प्रस्तावना मी लिहायची आहे. तशी तुमचीच इच्छा होती म्हणे.

तेराव्यानंतर तुमच्या विजयने पत्र्याची ट्रंक माझ्या घरी आणून ठेवली. “मॅडम, बाबांनी सांगितल्यानी, वह्यो शालनकडेच दी. तुमीच बघा. माका कवितेतला काय कळत नाय.” मी त्या ट्रंकेला हात जोडले हो! इतकी वेडी मी.

‘खाडीचं गाऱ्हाणं’ मी किती वेळा म्हटलं असेल, सर? पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक स्नेहसंमेलनात. देश स्वतंत्र झाला तरी आरोंद्याच्या खाडीपलीकडे पोर्तुगीजच होते, आणि विशीतले तुम्ही चार मित्रांना घेऊन तिकडे सत्याग्रहाला निघालात, त्या प्रवासाची ही कविता. गावकर देवळात गाऱ्हाणं घालतो आणि सगळा गाव ‘होय म्हाराजा’ म्हणतो, तोच तिचा बाज. मी एक ओळ म्हणायची आणि समोरच्या पोरांनी गर्जायचं. अजून पाठ आहे:

बा खाडीच्या राजा,
ज्या हातांनी वल्हं धरलं,
त्याच हातांनी आमचा घात केला,
त्या फितुराच्या हातांची माती कर, म्हाराजा!

“होय म्हाराजा!” आख्खा मंडप हलायचा. तुम्ही विंगेत उभे राहून हाताने ठेका धरायचात. मला वाटायचं, आपण गोवा सोडवतोय.

पहिल्या वर्षी माझा आजोही ऐकायला आला होता. तो कधी कुठे जायचा नाही. लाकडाच्या वखारीत राखणदार, दिवसभर तिथल्या बाकड्यावर बसायचा. त्या दिवशी धुतलेला सदरा घालून शेवटच्या रांगेत बसला. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही मला शाबासकी द्यायला लगबगीने खाली आलात, माझ्यामागे उभ्या असलेल्या आजोला पाहिलंत आणि थबकलात. “मुख्याध्यापक बोलावतायत,” म्हणालात आणि वळलात. मला खरंच वाटलं, बोलावत असतील.

घरी जाताना आजो म्हणाला, “बरा म्हटलंस गो. पण वायच हळू म्हण, घसो बसतलो.”

एवढंच म्हणाला.

आता त्या ट्रंकेतल्या वहीबद्दल. निळ्या पुठ्ठ्याची, वाळवीने एक कोपरा खाल्लेली. तिच्यात ही कविता आहे, पण वेगळी. तारखेवरून कळतं की ही आधीची. तिच्यात गाऱ्हाणं नाही, ‘होय म्हाराजा’ नाही. साधी सरळ कविता आहे, तुमच्या तरुण, तिरक्या अक्षरात:

सुकती लागली होती. उशीर माझा होता.
वहीसाठी मीच मागे फिरलो होतो.
मध्यावर होडी गाळात बसली, आणि उजाडलं.
बाबलो छातीभर चिखलात उतरला,
ढकलता ढकलता म्हणाला, बसान रवा रे, उतरा नको.

सुकती म्हणजे ओहोटी, हे मला कोणी सांगायला नको. आणि बाबलो कोण हेही सांगायला नको. माझ्या आजोचं नाव बाबल. तो आधी आरोंद्याला होडी चालवायचा, एवढंच मला माहीत होतं. खाडीची हवा मानवेना म्हणून कणकवलीला आलो, असं घरात सांगत.

ती पाच ओळींची जागा मी किती वेळा वाचली असेन! भाताचा कुकर शिट्ट्या देऊन देऊन करपला.

म्हणजे कोणी घात केलाच नव्हता. पुढच्या ओळींत आहे, बाबलोने सांगितलं होतं, भरती आहे तोवर या. तुम्ही पाचही जण वेळेवर आलातही. मग तुम्हाला आठवलं की कवितांची वही घरी राहिली, आणि तुम्ही परत गेलात! देश सोडवायला निघालेला माणूस वहीसाठी मागे फिरतो! वीस वर्षांचे होतात, समजू शकते मी. माझी मुलं परीक्षेला येताना हॉलतिकीट विसरतात. पण तेवढ्यात पाणी उतरलं, होडी खाडीच्या मधोमध रुतली, आणि पलीकडच्या चौकीवरून पाखल्यांना, त्या गोऱ्या शिपायांना, तुम्ही सगळे स्वच्छ दिसलात. कोणी सांगायची गरजच काय होती?

मी दुसऱ्याच दिवशी आरोंद्याला गेले. सुमनआते अजून तिथेच राहते, खाडीच्या अंगाला. आजोची थोरली लेक. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी वही वाचून दाखवली. तिने सुपातून मानही वर केली नाही.

“मगे? तुका आता कळला?”

“तुला माहीत होतं, आते?”

“आमका सगळ्यांका म्हायत होता. तेचो उजवो हात चौकीच्या पायरेर ठेवन बंदुकेच्या दस्त्यान ठेचल्यानी. परत वल्हा धरूक नको म्हणान. मगे दुसऱ्या दिवसा सोडल्यानी. पोरा तुरुंगात आणि हो घराक! लोक इचारूक लागले, बाबल्याक एकट्याकच कसो सोडल्यानी?”

“मग मी ती कविता म्हणत होते तेव्हा कोणी मला थांबवलं का नाही?”

आता मात्र तिने सूप खाली ठेवलं. “आजो नको म्हणालो. चेडू बरा म्हणता, म्हणूक दी. कविता म्हणतला तर शिकतला, म्हणालो.” मग सूप पुन्हा उचलत, “त्या मास्तराक इचारूक होया होता. आता कोणाक इचारतलंस?”

बरोबर आहे तिचं. कोणाला विचारू?

आजो उजव्या हाताने साधा पेला उचलत नसे. मी लहानपणी त्याची नक्कल करायचे, डाव्या हाताने भात कालवून खायचे, आणि तो हसायचा. आणि त्याच पोरीला मंडपात उभं करून तुम्ही म्हणायला लावलंत की त्या हातांची माती कर! सर, तो हात मोडलेला तुम्ही पाहिला होता. वहीत लिहिलंय तुम्ही, पुढच्याच पानावर. शिपायाने किती वेळा दस्ता मारला तेही लिहिलंय. मी तो आकडा इथे लिहिणार नाही.

एक वेळ मी म्हणेन, पहिल्या वर्षी मी कोणाची नात हे तुम्हाला ठाऊक नसेल. पण तुम्ही त्याला पाहिलंत. ओळखलंत. आणि पुढच्या वर्षी पुन्हा मलाच उभं केलंत. त्याच्या पुढच्या वर्षीही. का? दुसरी मुलगी नव्हती का वर्गात? आजो येऊन सगळ्यांसमोर तुम्हाला जाब विचारेल अशी वाट बघत होतात? की आता त्याचं तोंड कायमचं बंद झालं याची खात्री करून घेत होतात? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्ही मला सोसत नाहीत.

कविता का बदललीत, तेही तुमच्याच समासात सापडलं. पेन्सिलीने, बारीक: ‘सभेत म्हटली. सगळे गप्प. शेवटी एकाने विचारलं, मग फितूर कोण? दुसरा चहाला उठला.’ मी हे वाचून मोठ्याने हसले, सर. राग असूनही हसले. कारण मला ती सभा डोळ्यांसमोर दिसली. लोकांना ओहोटी नको होती. पाखले दुष्ट आणि आपण शूर, तर मग आपण पकडले कसे गेलो, याला उत्तर हवं होतं, आणि ‘मी वही विसरलो’ हे उत्तर कोणाला आवडणार? मग तुम्ही त्यांना एक माणूस दिलात. ज्याच्याबद्दल आधीच कुजबुज होती असा, ज्याला लिहिता येत नव्हतं असा.

आणि त्याचं नावसुद्धा घातलं नाहीत! नाव असतं तर तो भांडला तरी असता.

आणखी एक सांगते, आणि हे तुमची विद्यार्थिनी म्हणून सांगते. ती आधीची कविता चांगली आहे. फार चांगली आहे. गाऱ्हाण्यात नुसता आवाज आहे. पहिलीत पाणी उतरताना दिसतं. तुमच्या हातून एकदाच अशी कविता झाली, आणि ती तुम्ही ट्रंकेत घातलीत. याचाही मला राग येतो.

मी तरी काय केलं म्हणा! कॉलेजात इतकी वर्षं तीच कविता शिकवली. ‘कवीचा स्वतःचा प्रवास आणि देशाच्या पारतंत्र्याचा इतिहास एकमेकांत कसे मिसळतात’ हे फळ्यावर लिहून शिकवलं. परीक्षेत प्रश्न काढला: फितूर नावाड्याची व्यक्तिरेखा रेखाटा. पोरांनी काय काय रेखाटलं! लोभी, भेकड, पाठीत खंजीर खुपसणारा. सगळ्यांत जास्त शिव्या घालणाऱ्याला मी सगळ्यांत जास्त गुण दिले.

पण मला रात्रंदिवस टोचतं ते वेगळंच आहे. दहावीनंतर बाबा मला पुढे शिकवायला तयार नव्हते. तेव्हा तुम्ही आमच्या दारात येऊन उभे राहिलात. “ह्या चेडवाक शिकवूक होया,” म्हणालात. बसा म्हटलं तरी बसला नाहीत. बाबा हो म्हणेपर्यंत उन्हात उभे होतात. ती गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! माझे सर, माझे सर म्हणून. आता मी काय समजू? मी हुशार होते म्हणून आलात, की तुमच्या मनाला टोचत होतं म्हणून? माझी पदवी, नोकरी, फळ्यासमोर उभं राहण्याचं हे सगळं आयुष्य, हे माझं आहे, की आजोच्या हाताची भरपाई आहे? जिवंत होतात तेव्हा दर गुरुपौर्णिमेला मी तुमच्या समोर बसत होते. एकदा सांगायचं होतंत. मी रडले असते, भांडले असते, वर्षभर तोंड दाखवलं नसतं. पण आले असते परत.

तुम्ही आमच्या दारात उभे होतात त्या दिवशी आजो आत होता. पडद्याआडून त्याने तुमचा आवाज ऐकला असणार. तोही बाहेर आला नाही. तुम्ही दोघे म्हातारे होईपर्यंत एकाच गावात राहिलात, त्याच बाजारातून मासे नेलेत, आणि मधे मी, कविता म्हणत.

विजयला परवा फोन केला. वहीतलं सांगितलं, आणि दोन्ही कविता छापायच्या म्हटलं. “मॅडम, बाबांका जावन दोन म्हयने नाय झाले. लोकांच्या तोंडार ती एक कविता आसा. आता ह्या कित्याक?” वाईट मुलगा नाही तो. मी म्हटलं, “विजय, वह्या माझ्याकडेच द्यायला त्यांनी का सांगितलं, याचा विचार कर.” मग म्हणाला, “छापा.” आणि फोन ठेवला.

मला कळतंय, सर. तुम्हाला ही वही माझ्या हाती पडायला हवी होती. पण मेल्यानंतर! म्हणजे कबुली तुमची, आणि ती द्यायचं काम माझं. पुन्हा एकदा मीच उभं राहून तुमची कविता म्हणायची.

म्हणेन. पण माफी मागू नका माझ्याकडे, ती मला देता येणार नाही. ती ज्याने द्यायची तो मंडपात तुमच्यापासून दहा पावलांवर उभा होता, आणि त्याचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही ती दहा पावलं चालला असतात, तर त्याने तुम्हाला बोलूही न देता माफ केलं असतं.

मी तुम्हाला शब्द देते. संग्रहात आधी ती पहिली कविता येईल, मग गाऱ्हाणं. तुमची एकही ओळ मी बदलणार नाही. प्रस्तावनेत ओहोटीचं लिहीन, वहीचं लिहीन, त्या पायरीचं लिहीन, आणि नावाड्याचं नाव घालीन: आरोंद्याचे बाबल. पहिली कविता मोठी आहे आणि ती तुमचीच आहे, हेही लिहीन. विद्यार्थी विचारतील, मग फितूर कोण? त्यांना मी तुमचं नाव सांगणार नाही. तो शब्द मी एका माणसाला त्याच्या समोर उभी राहून म्हटला आहे, सर. आता कोणालाच म्हणवत नाही.

तुमची विद्यार्थिनी,
आणि बाबलची नात,
शालन