उदयनचं मरण धरायचं की नाही

१० जानेवारी १९९१, गुरुवार

उदयनला मारला!

पेण स्टँडच्या स्टॉलवर 'ध्रुवयान' या अंतराळकथामालेचं जानेवारीचं पुस्तक आलं. दुपारच्या सुट्टीत डब्याला हात न लावता वाचून काढलं आणि शेवटच्या प्रकरणात — मारला! पहिल्या पुस्तकापासून जो माणूस ते यान चालवतोय, त्याला सव्वा पानात उडवला. जुने लेखक गेले, प्रकाशकाने नवा आणला, आणि या शहाण्याने आल्या आल्या काय केलं, तर घरातला कर्ता माणूस मारला. कसला डोंबलाचा लेखक!

नंतर स्टँडवरच्या माझ्या चौकशीच्या खिडकीत बसले, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. एक म्हातारी विचारत होती, अलिबाग, अलिबाग. मी म्हटलं, "गेला."

"कोण गेला गो? गाडी तर ती काय उभी हाय!"

१३ जानेवारी, रविवार

राग आला तरी नियम तो नियम. हे पुस्तक धरावं लागणार.

'धरायचं' हा शब्द सायमनचा. सायमन म्हणजे एलिजाकाकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. आईबाप गेल्यापासून मी रोह्याला काकांच्याच घरात, त्यामुळे सख्ख्यासारखाच. विटीदांडूत हरायला आला की ओरडायचा, "हे धरायचं नाय!" पुढे 'ध्रुवयान' दर महिन्याला यायला लागलं तेव्हा तेच आम्ही पुस्तकांना लावलं. छापलेल्या मालिकेत आहे ते धरायचं. दिवाळी अंकात एक फुटकळ गोष्ट आली होती, तिच्यात पोलादराव हसतो. यंत्रमानव हसत नाही हे पहिल्याच पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. धरायची नाही ती गोष्ट! रेडिओवर नाटक झालं, त्यात कप्तान वैजयंतीचं लग्न लावलं. शी! नाव काढू नका.

पण आवडलं ते धरलं आणि नावडलं ते सोडलं, हेही चालणार नाही. मग गोष्ट कसली, नुसते मनाचे खेळ. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं. लिहिलं की पक्कं. यावर सायमनचं आणि माझं कधी भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावर झालं.

आम्हा ज्यूंतले पुष्कळ जण गेले तसा सायमनही इस्रायलला गेला, त्याला सात वर्षं झाली. शेवटचं पत्र गेल्या वर्षी. 'तेल अवीवजवळ खोली बदलतोय, नवा पत्ता कळवतो.' अजून कळवतोय!

काकांना उदयनचं माहीत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूससुद्धा सावलीसारखा दिसतो. रोज जेवणं झाली की मी एक प्रकरण वाचून दाखवते. त्यांचा सगळ्यात लाडका कोण? उदयनच. "आपल्या सायमनसारखाच, उलट उत्तर दिल्याबिगर कामाला हात लावत नाय." शेवटचं प्रकरण यायला अजून आठवडा आहे. तोवर हसून घेऊ दे.

१८ जानेवारी, शुक्रवार

सकाळच्या बातम्यांत — इराकने तेल अवीववर क्षेपणास्त्रं टाकली.

हा शब्द मी आजवर फक्त 'ध्रुवयान'मध्ये मोठ्याने वाचलाय. काकांनी रेडिओ मांडीवर घेतला तो सोडला नाही. मी रजा टाकली. दुपारी ताट वाढलं तसंच झाकून ठेवलं. "सायमन कुठं ऱ्हातो गो? तेल अवीवपासून किती लांब?" मला काय माहीत! सांगितलं, पुष्कळ लांब.

सूर्य मावळायच्या आत हे लिहून उठते. शब्बाथचा दिवा लावायचाय.

२० जानेवारी, रविवार

काकांनी तिसऱ्या दिवशीही जेवायला नकार दिला. पण पुस्तक मात्र आण म्हणाले. म्हटलं नको आज. "आण गो. रेडिओ ऐकून कान किटले." उरलं होतं शेवटचंच प्रकरण.

वाचत गेले. 'यान पेटलं. आगीचा लोळ वर वर गेला आणि दिसेनासा झाला.' तिथे मी थांबले. पुढच्या पानावर वैजयंती रडते, सगळे माना खाली घालतात.

"थांबलीस का? काय झालं पोराचं?"

पोराचं म्हणाले! उदयनचं नाही म्हणाले.

मी वाचलं, "तेवढ्यात आगीतून एक छोटी होडी बाहेर पडली. तिच्यात उदयन होता. त्याची बाही जळली होती, बाकी तो धडधाकट होता."

पुस्तकात होडी नाही. बाही नाही. काही नाही. काका "हां!" म्हणाले, भिंतीला टेकले आणि थोड्या वेळाने पेज मागितली. दोन वाट्या प्यायले.

आणि मी? पुस्तकातली एक चूक सापडली तर प्रकाशकाला दोन पानी पत्र लिहिणारी मी! जळ्ळं मेलं माझं तोंड.

२२ जानेवारी, मंगळवार

ठाण्याच्या रूबेनचा डेपोत फोन आला. रूबेन आमचा लांबचा नातेवाईक, इस्रायलकडचे निरोप त्याच्याकडे येतात. सायमन बरा आहे. लाईन खराब, जास्त बोलणं झालं नाही. काकांना सांगितलं. इथेही लिहून ठेवते.

३ फेब्रुवारी, रविवार

काकांनी मलिदा केला. लढाई सुरू झाली त्याच दिवशी आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, नवस बोलले होते, सायमनची खुशाली कळली की मलिदा. पेणहून आपली चार माणसं आली. पोहे मीच भिजवले, नारळ मीच खवला, खजूर, केळी, सगळं ताटात रचलं. प्रार्थना म्हणताना काकांचा आवाज कसा खणखणीत! मला डोकं वर करवेना. पेणच्या मावशी म्हणाल्या, "दमलीस गो पोरी." व्हय म्हटलं, दमले.

१३ फेब्रुवारी, बुधवार

नवं पुस्तक. अख्खं पुस्तक उदयनच्या दुखवट्याचं! आता काय वाचू? वैजयंती रडते, मी म्हटलं आनंदाने. सगळे दोन मिनिटं उभे राहतात, मी म्हटलं राष्ट्रगीत लागलं. उदयनला ताप आलाय म्हणून तो खोलीत झोपून आहे. काका म्हणाले, "बराच ताप दिसतोय."

वरून नवा चालक आणलाय, केयूर नावाचा. याला धड यान वळवता येत नाही. मग मी उदयनचा ताप उतरवला आणि या केयूरची सगळी वाक्यं त्याला दिली. ती त्याला शोभत नाहीत हे मलाही कळतं.

४ मार्च, सोमवार

लढाई थांबली. रूबेनचा फोन आला. सायमन बरा आहे.

१४ मार्च, गुरुवार

हिरामणशी कडाक्याचं भांडण झालं. हिरामण पेण–रोहे गाडीवर कंडक्टर आहे, 'ध्रुवयान' माझ्याआधी विकत घेतो आणि मुद्दाम शेवट सांगतो, असला नग! म्हणाला, "बाय, वाचकांनी पत्रांचा ढीग घातलाय. उदयनला परत आनणार बगा."

"खबरदार! मेला तो मेला."

"अवो, गोष्ट हाय ती. आला परत तर कोनाचं काय जातंय?"

काय जातंय म्हणे! मेलेला परत येणार असेल तर पुढच्या वेळी कोण मरायला टेकलं तरी मला घाबरायला नको, रडायला नको. म्हणजे मी आजवर रडले तेही फुकट! मरण धरायचं नसेल तर मग काहीच धरायचं नाही. हे सगळं मी खिडकीतून ओरडून सांगितलं, मागे महाडची गाडी विचारणारी माणसं ताटकळलेली.

हिरामण तिकिटाची पेटी काखेत मारून म्हणाला, "तुमी लई मनाला लावून घेता बाय."

संध्याकाळी प्रकाशकाला पत्र लिहिलं. 'उदयनचा मृत्यू कृपया कायम ठेवावा.' मग घरी आले आणि काकांना वाचून दाखवलं, उदयनने मंगळावर पोलादरावाला कसं गंडवलं. काका पोट धरून हसले. कोणत्या तोंडाने लिहिलं ते पत्र?

१४ एप्रिल, रविवार

पेणला डोळ्यांचं शिबिर आहे. डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन. मग महिनाभराने चष्मा.

काका लहान मुलासारखे झालेत. वाटेत निडी स्टेशन आलं तेव्हा म्हणाले, "चष्मा आला की पहिलं काय करणार सांगू? ते जानेवारीचं पुस्तक वाचणार. ती होडीची जागा. झक्कास लिवलीय त्यानं."

मी खिडकीबाहेर बघत बसले. पुस्तक विहिरीत टाकू? हरवलं म्हणू? देवा, काकांचे डोळे येऊ देत म्हणून प्रार्थना करायची, तर माझ्या मनात हे!

६ मे, सोमवार

रूबेनचा फोन आला. सायमन बरा आहे.

१० मे, शुक्रवार

आणला परत! उदयनला! जानेवारीत मेला तो म्हणे उदयन नव्हताच, त्याच्यासारखा दिसणारा यंत्रमानव होता. अरे, मग तो पहिल्या प्रकरणात जेवला कसा? त्याला शिंक आली होती ती कुणाची? स्वतःचं पुस्तक तरी वाच मेल्या!

हिरामण खिडकीशी नाचून गेला.

आणि माझी गंमत बघा. आता सरळ छापलेलं वाचावं, तर काकांसाठी उदयन कधी मेलाच नाही. दार उघडून तो आत येतो, सगळे किंचाळतात, वैजयंती बेशुद्ध पडते. काकांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, कान माझ्याकडे. मी वाचलं, "उदयन दाढी करून आला." काका म्हणाले, "दाढी केली म्हनून बाई बेशुद्ध पडली?"

२६ मे, रविवार

चष्मा आला. काच जाड, त्यामागे काकांचा डोळा बशीएवढा दिसतो. पहिल्यांदा मला बघितलं. "केस पिकले गो तुझे." मग भिंतीवरचा सायमनचा फोटो काढायला लावला, पुसला, पुष्कळ वेळ धरून बसले.

मग म्हणाले, "जानेवारीचं दे."

दिलं. काय करणार?

२९ मे, बुधवार

तीन दिवस अक्षर लावत लावत काका आज शेवटच्या पानावर पोचले. मी भाकऱ्या थापत होते. हाक आली.

"सिपोरा, होडी नाय यात."

मी परातीतून हात काढला नाही. म्हटलं, "नाही."

रागावतील वाटलं. त्यांनी पुस्तक डोळ्याला लावलं आणि परत वाचलं. "आगीचा लोळ वर गेला. दिसेनासा झाला. मग मेला असं कुठं लिवलंय?"

"काका, पुढे सगळे रडतात!"

"रडू देत. एलियाहू हन्नबी कसा गेला? आगीच्या रथातून वर. मेला का? नाय. अलिबागकडं खडकावर चाकाची खूण हाय अजून. प्रेत दिसलं नाय तवर मेला धरायचा नाय."

आणि मी, माझं मस्तक फिरलं! तिथेही मी भांडले. म्हटलं, तुम्हाला आवडतं म्हणून तुम्ही धरता, लेखकाने मारला म्हणजे मारला, पुढे त्याने लबाडी करून परत आणला ती वेगळी गोष्ट. काका ऐकून घेत होते.

"येवढी तुझी खात्री, तर मग तू का जिता ठेवलास?"

सांगितलं. क्षेपणास्त्रं पडत होती, तुम्ही जेवत नव्हता, पोराचं काय झालं म्हणालात. माझ्याने पुढे वाचवलं नाही. रडले मी. पिठाच्या हातानेच डोळे पुसले.

"मला म्हाईत होतं गो," काका म्हणाले. "पुस्तक वाचतेस तेव्हा पान उलटल्याचा आवाज येतो. होडी आली तेव्हा तो आवाज आलाच नाय. मीबी गप ऱ्हायलो. मलाबी तो हवाच होता."

मला इतकं हलकं वाटलं! हसू आलं. भाकरी करपली तरी हसत होते.

मग काकांनी चष्मा काढला, धोतराने पुसला. विचारलं, "आनि रूबेनचा फोन?"

"तो खरा, काका."

काकांनी चष्मा परत लावला. जेवताना मीठ मागितलं तेवढंच.

३० मे, गुरुवार

रूबेनचा फोन कधी आलाच नाही. इथे तीनदा लिहिलाय, एकदाही आला नाही. मीच त्याला करत होते, डेपोतून, आणि दर वेळी तो म्हणायचा, "अजून काय कळलं नाय गो." लिहिलं की पक्कं होईल असं वाटलं होतं.

पहाटे उठले तर काका चष्मा लावून, चपला घालून ओट्यावर बसलेले. सायमनचा फोटो पिशवीत. म्हणाले, "फेब्रुवारीतला मलिदा धरायचा नाय. नवस अजून तसाच हाय." मग म्हणाले, "चल ठाण्याला. रूबेनला मीच विचारतो."

पोळ्या बांधून घेतल्यात. निघतो आहोत.